पागलखाना चौकाच्या पुढे मानकापूर

नागपुरात सदरकडून कोराडी रस्त्यानं मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे निघालं की वाटेत पागलखाना चौक लागतो. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयावरून पडलेलं हे नाव. कागदोपत्री काहीही असो, ऑटोवाले, मास्तर, पोट्टे, सगळे पागलखानाच म्हणतात. गेली २२ वर्षं मी शाळेचे संघ घेऊन त्या चौकातून जातो आहे. दर खेपेला गाडीत मागच्या सीटवरून कोणीतरी कोणाला तरी म्हणतंच, "उतर बे, तुझा स्टॉप आला." सगळी गाडी हसते. मी कधी कोणाला थांबवलं नाही.

आता थांबवतो. त्याला कारण एक मुलगी आहे. ८०० मीटर धावायची. शाळेच्या मैदानावर तिची वेळ अशी यायची, की विभागीय स्पर्धेत ती पहिल्या तिघींत असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. स्पर्धेच्या सकाळी ती दोनदा बाथरूमला जाऊन आली, तिसऱ्यांदा तिला ओकारी झाली. हात गार पडले होते. मी पाठीवर थाप मारून म्हणालो, "टेन्शन नको घेऊ." पहिली फेरी तिनं अशी मारली जणू ४०० मीटरचीच शर्यत आहे. दुसऱ्या फेरीत अडीचशे मीटर राहिले आणि तिचे पाय जड झाले. सहावी आली. शेजारी उभे असलेले एक प्रशिक्षक म्हणाले, "सकाळपासून नाटक करून राहिली होती. दिल नाही पोरीत." मी गप्प राहिलो. नंतर तिच्या वडिलांना सुचवलं, की एखाद्या मानसशास्त्रज्ञांना भेटून पाहू. ते शांतपणे म्हणाले, "सर, पोरगी पागल थोडीच आहे." पुढच्या वर्षी ती मैदानावर आलीच नाही.

त्या दिवशी आम्ही तिघंही चुकलो, आणि तिघांची चूक मुळात एकच होती. स्पर्धेतल्या भीतीला आम्ही स्वभावाचा दोष समजलो. प्रशिक्षकांना तो भेकडपणा वाटला, वडिलांना वेडाची सुरुवात वाटली, आणि मला वाटलं की चार शब्दांनी तो पुसून टाकता येईल. भीती ही श्वास, पकड किंवा स्टार्ट यांच्यासारखी सरावात आणायची गोष्ट आहे, आणि तो सराव करून घेण्याची जबाबदारी जितकी खेळाडूची, तितकीच शाळेची, संकुलाची आणि सरकारची आहे. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे, पण ते पटवून देण्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

शर्यतीआधी शरीरात काय होतं? मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. छाती धडधडू लागते, श्वास वरच्या वर होतो, रक्त पोटाकडून आणि कातडीकडून काढून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं. म्हणून पोटात गोळा येतो, बोटं गार पडतात, तोंडाला कोरड पडते. ताडोबाच्या कडेच्या गावात सरपण आणायला गेलेल्या बाईला समोर वाघ दिसला तर तिच्या शरीरात हेच होतं, आणि त्या क्षणी ते तिच्या उपयोगाचं असतं. स्टार्टरच्या आवाजाची वाट पाहत उभ्या असलेल्या पोरीच्या शरीरानंही तीच तयारी केली होती. तिचे गार हात मी हातात घेतले होते. ते हात धावायला तयार होते, आणि मला ते वाचता आलं नाही.

अडचण त्यापुढे आहे. ही तयारी प्रमाणाबाहेर गेली की तीच वाट अडवते. स्नायू आखडतात, पाय पुढे नेणारे आणि त्याला विरोध करणारे, दोन्ही एकाच वेळी ताठ होतात, आणि मग त्याच वेगासाठी जास्त दम खर्ची पडतो. नजरेचा घेर आकसतो. फुटबॉलमध्ये डाव्या बाजूनं मोकळा धावत आलेला साथीदार बाहेर बसलेल्या सगळ्यांना दिसतो, ज्याच्या पायात चेंडू आहे त्यालाच दिसत नाही. आपण ओरडतो, "आंधळा आहे काय बे!" त्या क्षणापुरता तो खरोखरच अर्धा आंधळा असतो. आणि डोक्यात 'हरलो तर काय' ही टकळी सुरू झाली, की हिशेब ठेवायला जागा उरत नाही. ८०० मीटर ही हिशेबाची शर्यत आहे. पहिली फेरी किती सेकंदांत काढायची हे त्या पोरीला झोपेतही पाठ होतं. त्या सकाळी डोक्यातली ती जागा दुसऱ्याच गोष्टीनं भरली होती.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, आणि आमच्या मैदानांवर त्या कधीच वेगळ्या केल्या जात नाहीत. एक शरीराची खळबळ, दुसरी मनाची काळजी. अमेरिकेतले क्रीडा मानसशास्त्रज्ञ रेनर मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंची स्पर्धेआधीची अवस्था मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात हे दोन भाग स्वतंत्र आहेत आणि तिसरा भाग आत्मविश्वासाचा आहे. एखाद्याची छाती जोरात धडधडत असेल आणि मन मात्र निश्चिंत असेल, असं होऊ शकतं. उलटही होतं: बाहेरून थंड दिसणारा पोरगा आतून कुरतडला जात असतो, आणि तो ओकत नाही म्हणून आपलं त्याच्याकडे लक्षही जात नाही. मला तर या दुसऱ्या मुलांचीच जास्त काळजी वाटते.

खळबळ थोडी हवीच. यर्क्स आणि डॉडसन या दोघांचा १९०८ सालचा एक प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. उत्तेजना वाढते तशी कामगिरी सुधारते, एका उंचीनंतर घसरते; काम जितकं अवघड, तितकी ही घसरण लवकर सुरू होते. तो प्रयोग उंदरांवरचा होता, आणि माणसाला तो जसाच्या तसा लावण्यात घाई होते असं माझं मत आहे. पण मैदानावर उभं राहिलेल्या कोणालाही त्यातली मूळ गोष्ट ओळखीची वाटेल. सेमिनरी हिल्सचा चढ आणि मग उतार. फरक इतकाच, की प्रत्येकाचा माथा वेगळ्या ठिकाणी असतो. गोळाफेकीच्या पोराला वर्तुळात शिरण्याआधी ओरडून, मांडीवर थापा मारून स्वतःला तापवावं लागतं. तिरंदाजाला तेवढ्या तापलेल्या हातानं दोरी धरता येणार नाही. एकाच संघातल्या दोन खेळाडूंचंही असंच: एकाला शेवटच्या दहा मिनिटांत गप्पा हव्या असतात, दुसऱ्याला कोपरा. तरीही आम्ही सगळ्यांना गोल उभं करून एकच भाषण देतो, "मरायचं, पण हरायचं नाही." ज्याचा माथा आधीच ओलांडलेला आहे, त्याला ते भाषण उतारावर ढकलून देतं.

तिरंदाजीचं नाव काढल्यावर नागपूरच्या माणसाला ओजस देवतळे आठवणारच. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड (चाकं लावलेल्या धनुष्याच्या) प्रकाराच्या अंतिम लढतीत त्यानं १५ पैकी १५ बाण दहाच्या वर्तुळात मारले. १५०पैकी १५०. समोरचा पोलंडचा खेळाडू १४९वर थांबला. अंतर ५० मीटर, दहाचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचं, एका बाणाला २० सेकंद. त्यात समोरचा एकही गुण सोडत नसेल तर प्रत्येक बाणाबरोबर ओझं वाढत जातं. पुढे हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ३ सुवर्णपदकं घेतली. आपण फेटे बांधले, ढोल वाजवले, फलक लावले, आणि ते योग्यच होतं. पण पंधराव्या बाणाच्या वेळी हात स्थिर राहावा म्हणून कोणता सराव लागतो, हा प्रश्न शहरातल्या किती शाळांनी, किती क्लबांनी स्वतःला विचारला? बाण किती मारायचे हे आम्ही मुलांना सांगतो. दोन बाणांच्या मधल्या वेळात काय करायचं, हे सांगत नाही.

आणि दिव्या देशमुख. २८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बातुमी, बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. समोर कोनेरू हम्पी, दुप्पट वयाची, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांवर गेला. १९ वर्षांची आपली पोरगी जिंकली, त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली, आणि आईच्या गळ्यात पडून रडली. ते अश्रू बघून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. शहरभर त्या चित्रफितीचं कौतुक झालं. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जिंकून रडलेली पोरगी आपल्याला आपली वाटते. हरायच्या भीतीनं रडणारी पोरगी आपल्याला नाटकी वाटते. शरीर तेच, ताण तोच, डोळ्यांतलं पाणीही तेच. निकाल लागेपर्यंत आपण त्या अश्रूंना नाव द्यायचं थांबतो, आणि निकालाप्रमाणे नाव देतो.

आता त्या "टेन्शन नको घेऊ"बद्दल. हे वाक्य प्रेमानंच म्हटलं जातं, मीही प्रेमानंच म्हणालो होतो. पण विचार करा, ॲड्रेनलिन रक्तात उतरल्यावर ते कोणाच्या सांगण्यानं परत फिरत नाही. मुलाला आपण अशक्य काम सांगतो आणि ते जमलं नाही म्हणून त्याला आणखी एक काळजी लावून देतो: आता टेन्शन आलंय याचंच टेन्शन. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांसमोर गाणं, भाषण करणं, गणितं सोडवणं अशा कामांआधी काहींना 'मी शांत आहे' असं म्हणायला लावलं, काहींना 'मला उत्साह आलाय' असं. दुसऱ्या गटानं काम बरं केलं. धडधड दोघांचीही होती. शांत होणं म्हणजे गाडी एकदम उलटी फिरवणं. उत्साह म्हणणं म्हणजे त्याच वेगाला दुसरी दिशा देणं. आमच्या शाळेच्या संघात आता मी "हात गार पडले? चांगलं आहे, इंजिन सुरू झालं" असं म्हणतो. साधं वाक्य आहे. पण ते शरीरशास्त्राच्या दृष्टीनं खरं आहे, आणि मुलांना खरं आणि खोटं आवाजावरूनच कळतं.

दुसरी गंमत लक्षाची आहे. जे काम हाताला सवयीचं झालं आहे, त्याच्याकडे दबावाखाली बारकाईनं बघायला गेलं की ते बिघडतं. पोळ्या लाटणाऱ्या आजीला मध्येच विचारा, लाटणं कोणत्या बोटाच्या जोरावर फिरवता हो? पुढची पोळी भारताच्या नकाशासारखी होईल. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांनी मुरलेल्या गोल्फपटूंना आपल्याच फटक्याच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं तेव्हा त्यांचा खेळ घसरला. नवशिक्यांना मात्र तसंच लक्ष देण्याचा फायदा झाला. म्हणजे शेवटच्या क्षणी सीमारेषेवरून "कोपर वर, खांदा खाली, डोकं सरळ" असा मारा करणारे आम्ही शिक्षक आणि पालक, जाणत्या खेळाडूला पुन्हा नवशिका बनवत असतो. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये काचेमागे उभ्या असलेल्या आईबाबांना हे मला हात जोडून सांगायचं आहे. त्या वेळी तुमचा प्रत्येक हातवारा मुलाच्या मनगटात शिरतो.

याला उतारा काही परदेशातूनच आणावा लागतो असं नाही. विदर्भात आखाड्यांची परंपरा जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासूनचं. लाल मातीत उतरणारा मल्ल काय करतो? उंबऱ्याशी वाकतो, माती कपाळाला लावतो, मारुतीला हात जोडतो, शड्डू ठोकतो. दर वेळी तेच, त्याच क्रमानं. आजचं क्रीडा मानसशास्त्र स्पर्धेआधीचा ठरलेला क्रम म्हणून जे शिकवतं, ते हेच. अनिश्चिततेच्या मधोमध दोन मिनिटं अशी, ज्यांत पुढे काय होणार हे खेळाडूला पक्कं ठाऊक असतं. कबड्डीतला चढाईपटू तर तोंडानं आवाज करत, श्वास सोडत सोडत शत्रूच्या अंगणात शिरतो. सावकाश लांब सोडलेल्या श्वासानं हृदयाचा ठोका उतरतो, हे शरीरशास्त्र सांगतं. आपल्या खेळात दम घुमवण्याला जुनं महत्त्व आहे, ते केवळ नियम म्हणून आहे असं मला वाटत नाही. फक्त आपण ही साधनं श्रद्धेच्या कप्प्यात ठेवली आणि सराव म्हणून शिकवायची विसरलो. ८०० मीटरच्या पोरीला मी तिचा असा क्रम कधी बांधून दिला नव्हता.

इथे माझ्या पेशाबद्दल एक गोष्ट बोललीच पाहिजे. बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, क्रीडा मानसशास्त्र हा विषय असतो. आम्ही सगळे तो पास होऊन आलो आहोत. परीक्षेत चिंतेचे प्रकार लिहिले, आकृती काढली. मैदानावर मात्र आम्हाला आमच्या गुरुजींनी जे केलं तेच करायला सुचतं: दरडावणं. मी हे आरोप म्हणून लिहीत नाही. ज्याचं मानधन आणि पुढच्या वर्षीची नेमणूक मुलांच्या पदकांवर अवलंबून आहे, त्या प्रशिक्षकाचा स्वतःचा घसाही कोरडाच असतो. घाबरलेला माणूस घाबरलेल्या मुलाला शांत करू शकत नाही.

याचाच पुढचा भाग म्हणजे मोठ्यांनी तयार केलेला ताण. त्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून मी जरा थांबून बोलतो. शालेय स्पर्धा बघा. सकाळी सातला हजेरी म्हणून काटोल, उमरेड, रामटेककडची पोरं पहाटे चारला उठतात, एसटीनं येतात. शर्यत नऊची म्हणतात, अकराला होते, कधी जेवणानंतर होते. ऑक्टोबरचं ऊन, सावली तोकडी. शरीर एकदा तापवलं, थंड झालं, पुन्हा तापवलं, पुन्हा थंड झालं. किती वाजता खायचं कळत नाही, म्हणून पोर खातच नाही. माणसाला वाईट बातमीपेक्षा अनिश्चितता जास्त पोखरते. छापलेलं वेळापत्रक आणि ते पाळण्याची शिस्त, प्यायला पाणी, मुलींसाठी स्वच्छ शौचालय, हे मला मानसिक तयारीचेच भाग वाटतात. ध्यानधारणेचं शिबिर घेण्याआधी हे करा, असं मी म्हणेन.

आणि पदक हे नुसतं पदक उरलेलं नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ही दोन्ही धोरणं चांगली आहेत, ती काढा असं मी चुकूनही म्हणणार नाही; त्यांच्यामुळे कितीतरी घरांनी मुलींना मैदानावर पाठवलं. पण त्यांचा एक परिणाम असा झाला, की १५ वर्षांच्या पोराला सुरुवातीच्या रेषेवर उभं असताना पुढे नुसती टेप दिसत नाही, बापाचं कर्ज आणि बहिणीचं शिक्षण दिसतं. पहाटे शहरातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, पोलीस भरतीची पोरं १६०० मीटर मारत असतात. वर्षभर रोज काढलेली वेळ ऐन चाचणीत दहा-बारा सेकंदांनी घसरलेली मी पाहिली आहे, आणि तेवढ्यानं गुण गेले. त्या पोरांना कोणी 'खेळाडू' म्हणत नाही, त्यामुळे त्यांच्या भीतीबद्दल बोलायला तर कोणीच नाही.

यावर एक आक्षेप मला हमखास ऐकू येतो, आणि तो मी हलका मानत नाही. दबावातूनच माणूस घडतो. फार समजून घेत बसलं तर पोरं हळवी होतील. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. नेदरलँड्सच्या राउल औडेयान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की थोड्या भीतीत केलेला सराव पुढे मोठ्या भीतीत उपयोगी पडतो. त्यांनी लोकांना चढाईच्या कृत्रिम भिंतीवर उंच लटकवून डार्ट फेकायला लावले होते. म्हणजे दबाव हवाच. पण मोजून, पायरीपायरीनं, आणि चुकल्यावर पुन्हा उभं राहायची मुभा ठेवून. दंडाला वजन कसं वाढवत नेतो, तसा. पहिल्याच दिवशी १०० किलो खांद्यावर टाकून "घडशील" असं कोणी म्हणत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो आणि जे मोडले त्यांना मोजतच नाही. नेमबाज अभिनव बिंद्रा २००४ला अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत सातवा आला. २००८ला बीजिंगमध्ये शेवटच्या गोळीआधी तो फिनलंडच्या हाक्किनेनशी बरोबरीत होता. त्यानं १०.८ मारला, हाक्किनेननं ९.७. अथेन्सनंतर कोणी त्याला "दिल नाही" म्हणून घरी बसवलं असतं, तर? वेटलिफ्टर मीराबाई चानू २०१६ला रिओत क्लीन अँड जर्कच्या (वजन आधी खांद्यावर, मग डोक्यावर उचलण्याच्या) तिन्ही प्रयत्नांत अपयशी ठरली, आणि पुढच्या ऑलिंपिकमध्ये रौप्य घेऊन आली. त्यांना दुसरी संधी मिळेल एवढं पाठबळ होतं. विभागीय स्पर्धेत सहाव्या आलेल्या मुलीला ते कोण देणार?

हळवेपणाबद्दल बोलायचं तर नागपूरच्याच एका कसोटीची गोष्ट सांगतो. मार्च २००६, सिव्हिल लाइन्सचं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं (व्हीसीए) मैदान, भारत विरुद्ध इंग्लंड. ॲलिस्टर कुकनं पदार्पणात ६० आणि नाबाद १०४ धावा केल्या. माँटी पानेसरनं आपला पहिला बळी म्हणून थेट सचिनला बाद केलं. हे दोन्ही किस्से आम्ही नागपूरकर अजून चवीनं सांगतो. पण कुक इथे आला कसा? तो हजारो मैल दूर कॅरिबियनमध्ये इंग्लंडच्या अ संघाबरोबर होता. तिथून त्याला तातडीनं बोलावलं, कारण मार्कस ट्रेस्कोथिक दौरा अर्धवट सोडून मायदेशी परतला होता. त्या वेळी वैयक्तिक कारण म्हणून सांगितलं गेलं. २००८ साली त्यानं आत्मचरित्रात उघड केलं, की तो चिंता आणि नैराश्यानं ग्रासला होता. ७६ कसोटी खेळलेला, ऑस्ट्रेलियाच्या तेज माऱ्यासमोर उभा राहिलेला सलामीवीर. त्याला हळवा कोण म्हणेल? पुढे पानेसरही आपल्या मानसिक आजाराबद्दल मोकळेपणानं बोलला. एकाच कसोटीच्या कहाणीत असे दोघं, आणि आम्हाला आठवतं ते फक्त धावफलकावरचं.

ट्रेस्कोथिकचं उदाहरण दिल्यावर एक भेदही सांगायला हवा. स्पर्धेआधीची भीती हा आजार नाही. पण आठवडेच्या आठवडे झोप न येणं, मैदानाच्या विचारानंच श्वास कोंडणं, कशातच रस न उरणं, जगणं नकोसं वाटणं, इथे प्रशिक्षकानं शहाणपणा न करता डॉक्टरांकडे पाठवावं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१९ साली खेळाडूंच्या मानसिक आरोग्याबद्दल तज्ज्ञांचं सविस्तर निवेदन काढलं, त्यात मानसिक आरोग्याला शारीरिक आरोग्याच्या बरोबरीनं मानलं आहे. आपल्या सरकारची १४४१६ ही टेली मानस मदतवाहिनी आहे, मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक प्रत्येक क्रीडांगणाच्या फाटकावर रंगवायला किती खर्च येतो?

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक विभागीय संकुलात पूर्णवेळ क्रीडा मानसशास्त्रज्ञ हवा, आणि त्याच्याकडे जाणं प्रत्येक खेळाडूला सक्तीचं हवं. सक्ती हा शब्द मी विचार करून वापरतो. ज्याला गरज आहे त्यानं जावं असं म्हटलं, की जाणाऱ्याकडे बोटं दाखवली जातात. मग कोणीच जात नाही. वजन, उंची, रक्तगट जसे सगळ्यांचे नोंदवतात तसंच हे. सगळेच त्या खोलीत जाऊन आले की खोलीला नाव पडत नाही. दुसरी अट त्याहून महत्त्वाची: तिथे बोललेलं निवड समितीपर्यंत आणि प्रशिक्षकापर्यंत जाता कामा नये. मुलं भाबडी नसतात. "मला भीती वाटते" हे वाक्य संघातून नाव वगळायला वापरलं जाणार असेल, तर ते वाक्य कोणी उच्चारणार नाही, आणि मग तो तज्ज्ञ रिकाम्या खुर्चीसमोर बसून पगार घेईल. आधी मैदानं धड करा, मग ही चैन, असंही म्हणतात. मैदानं धड करायलाच हवीत. पण एका माणसाचा पगार आणि एक खोली यांमुळे ट्रॅकचं काम अडणार नाही.

गेल्या हंगामात उंच उडीच्या एका पोरानं मला बाजूला घेतलं. सरावात जी उंची तो सहज ओलांडतो, तिथे स्पर्धेत त्याचे पाय दांडीपाशी थांबत होते. म्हणाला, "सर, माझ्या डोक्यात काहीतरी होऊन राहिलं आहे. कोणाले भेटू?" बावीस वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता, आणि तो त्यानं लाज न वाटता विचारला, याचा मला फार आनंद झाला. मी त्याला धरमपेठेतल्या एका खासगी मानसशास्त्रज्ञांचा पत्ता लिहून दिला. त्यानं कागद वाचला, फी विचारली. त्याचे वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात. दोन दिवसांची मजुरी एका भेटीत जाणार होती. त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि विचारलं, "हे मॅडम मानकापूरले नाही बसत काय, सर?"